हायस्कूल बेसबॉलचे फोटो: कुठे उभं राहायचं, कुठली लेन्स घ्यायची आणि त्या जाळीचं काय करायचं?

उनाड_पाऊस
नमस्कार मंडळी. मुक्काम न्यू जर्सी. लेक यंदा शाळेच्या जेव्ही (ज्युनियर वर्सिटी, म्हणजे दुसऱ्या फळीच्या) संघात आहे. राइट फील्डला (बॅटरकडून बघताना मैदानाच्या लांबच्या उजव्या भागात) खेळतो, बाकी वेळ बाकावर. त्याचे बरे फोटो काढायची इच्छा आहे, पण जमत नाहीये. निकॉनचा डी७५०० आहे आणि त्यावर १८-१४० ची लेन्स. अडचणी तीन:
मैदानाभोवती तारेची जाळी आहे. कॅमेरा दरवेळी पोरावर नाही, जाळीवरच फोकस करतो.
पोरगं फ्रेममध्ये मुंगीएवढं येतं. लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची तर ७०-२०० एफ/२.८ की २००-५०० एफ/५.६? जुनी, वापरलेली चालेल.
आणि चेंडू बॅटला लागतो त्या क्षणाचा फोटो लोक काढतात तरी कसा?
जाणकारांनी प्रकाश टाकावा. संध्याकाळच्या सामन्यांत प्रकाश खरंच कमी असतो.

शेंगदाणा
फोनने काढा आणि गप सामना बघा. (दिवे घ्या)

हौशी_फोटोकार
पाऊसराव, मोठ्या लेकीच्या सॉफ्टबॉलपासून धाकट्याच्या बेसबॉलपर्यंत बरीच वर्षं जाळीला नाक लावून उभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जाळी. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची. हूड लावला असेल तर काढून ठेवा, त्याच्यामुळे काच जाळीपासून उगाच दूर राहते. अ‍ॅपर्चर (लेन्सच्या आतलं भोक, एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) लेन्स देईल तेवढं मोठं ठेवायचं. २०० मिमीला एफ/२.८ वर तार इतकी पुसट होते की दिसत नाही. तीच लेन्स एफ/८ वर नेली की चित्रावर चौकटींचे करडे पट्टे उमटतात. जाळीचं भोक साधारण दोन इंचांचं, त्यामुळे मोठ्या लेन्सची सगळी काच त्यात मावणार नाही. मावायची गरजही नाही, काचेचा मध्यभाग भोकासमोर आला की पुरे. चित्र थोडं फिकं येतं, ते नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून सुधारता येतं. उन्हात चमकणाऱ्या तारेसमोर मात्र उभं राहू नका. स्वतःची सावली पडलेला तुकडा शोधा, तिथला धुरकटपणा बराच कमी होतो.

फोकससाठी: बऱ्याच ७०-२०० लेन्सवर फोकसचा पल्ला मर्यादित करायची एक कळ असते. ती लावली की लेन्स जवळचं काही शोधायलाच जात नाही आणि जाळीचा प्रश्न मिटतो. फोकस सततच्या मोडवर, बिंदू मधला एकच. सगळे बिंदू कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले तर तो कायम अंपायरची पाठ पकडतो.

जागेबद्दल: बॅटर जिच्याशी उभा राहतो ती जमिनीतली पांढरी पाटी म्हणजे प्लेट. तिथून मैदानाकडे बघितलं तर पहिला बेस उजवीकडे, तिसरा डावीकडे. उजव्या हाताचा बॅटर प्लेटच्या तिसऱ्या बेसकडच्या बाजूला उभा राहतो आणि त्याची छाती पहिल्या बेसकडे असते. म्हणून पहिल्या बेसच्या बाजूने त्याचा चेहरा मिळतो. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू) नि थर्ड बेसमन पहिल्या बेसकडे फेकतात तेही तुमच्याकडे तोंड करून. उजव्या हाताच्या पिचरसाठी तिसऱ्या बेसची बाजू बरी.

जर्सीची_जाई
वाचतेय. उपयुक्त धागा. आमच्याकडेही हाच गोंधळ, फक्त लॅक्रॉसचा.

टेक्सासकर
हौशीरावांना अनुमोदन, पण लेन्सच्या आधी खेळ शिका असं माझं मत. लेन्सला दीड हजार डॉलर घालवून पोरगा दुसऱ्या बेसकडे पळाला आणि तुम्ही अजून पिचरवरच, तर काय उपयोग?

बॅट-चेंडूच्या फोटोचं गणित मांडतो. वर्सिटीचा (शाळेच्या मुख्य संघाचा) बऱ्यापैकी पिचर ताशी ८० मैलांनी टाकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३६ मीटर. तुमचा कॅमेरा सेकंदाला ८ फोटो काढतो. दोन फोटोंच्या मधे चेंडू साडेचार मीटर सरकलेला असतो. चेंडू बॅटला चिकटून असतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. बर्स्ट (बटण दाबून धरून लागोपाठ फोटो) लावून तो क्षण मिळणं म्हणजे निव्वळ नशीब. त्यापेक्षा एकच फोटो, वेळ साधून. पिचरच्या हातातून चेंडू सुटल्यापासून प्लेटपर्यंत अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. बॅटरचा पुढचा पाय जमिनीला टेकला, कंबर वळायला लागली की दाबायचं. चेंडू दिसल्यावर दाबलंत तर फोटोत तो कॅचरच्या ग्लव्हमध्ये असेल.

शटरचंही तसंच. १/१००० ला तो ८० मैलांचा चेंडू साडेतीन सेंटिमीटर सरकतो, आणि चेंडूचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आत. म्हणजे अर्ध्या चेंडूएवढी लांबट रेघ. १/२००० ला बराच गोल दिसतो. दिवसाउजेडी १/२००० खाली उतरू नका.

तिरपागडा
माझे वडील सांगलीहून आले होते तेव्हा पूर्ण सामना बघून विचारते झाले, "विकेट कुठे आहेत, आणि हा पोरगा तीनदा आउट झाला तरी परत का येतो?" मग तीन स्ट्राइक, चार बॉल समजावले. पुढच्या सामन्यात अंपायरवर ओरडणाऱ्यांत त्यांचाच आवाज मोठा.

मोरपीस
@तिरपागडा, आमच्या सासूबाईंना फक्त एवढंच कळतं की नातू मातीत घसरला की पँट धुवावी लागणार. :-)

आता मुद्द्याचं. सगळे बॅटरबद्दल लिहितायत, पण पाऊस यांचा मुलगा बाकावर बसतो हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. मग डगआउटचे (खेळाडूंच्या बाकाच्या जागेचे) फोटो काढा की! बाकावरची पोरं काय काय करत असतात: सूर्यफुलाच्या बिया फोडतात, डोळ्यांखाली काळं फासतात, एकमेकांच्या टोप्या उलट्या घालतात, आपल्याकडच्याने हिट मारला की कठड्यावर चढतात. होम रन मारून आलेल्या पोराला होम प्लेटजवळ पंधरा जण घेरतात, तो क्षण बॅटच्या फोटोपेक्षा दहापट सुंदर. माझ्या मुलाला सगळ्यात आवडलेला फोटो त्याच्या बॅटिंगचा नाहीच. त्याच्या मित्राने पहिल्यांदा हिट मारली तेव्हा तो बाकावरून उडी मारतोय, तो आहे.

आणि फक्त आपल्याच पोराचे काढू नका. संघात वीस पोरं असतात, त्यातल्या निम्म्यांच्या घरून कोणी येऊ शकत नाही. आई दोन नोकऱ्या करते, बाबा ट्रकवर. त्यांना एक एक तरी नीट फोटो मिळावा. हंगाम संपताना मी प्रत्येकाच्या घरी पाच-पाच छापील फोटो पाठवते.

एक सक्त सूचना: डगआउटजवळच्या उघड्या जागेत व्ह्यूफाइंडरला डोळा लावून उभं राहू नका. फाउल चेंडू कुठून येईल कळत नाही. दुसरा डोळा उघडा ठेवायची सवय लावा, आणि पिच सुटताना कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागचे फोटो बघत बसायचं नाही. जाळीच्या आत जायचं तर अंपायर आणि कोचची परवानगी सामन्याआधीच घ्या. मधेच आत शिरलात तर अंपायर खेळ थांबवून तुम्हाला बाहेर काढेल आणि पोरगा महिनाभर बोलणार नाही.

उनाड_पाऊस
मोरपीस, मनापासून धन्यवाद, हे सुचलंच नव्हतं. एक सांगायचं राहिलं: लेक फेकतो उजव्या हाताने पण बॅटिंग डावखुरी करतो. म्हणजे हौशीराव सांगतात ती जागा उलटी ना?

हौशी_फोटोकार
अहो हे आधी सांगायचं! मग सगळं बदललं. तो बॅटिंगला आला की तुम्ही तिसऱ्या बेसच्या बाजूला. फील्डिंगला गेला की चालत पहिल्या बेसच्या मागून राइट फील्डच्या फाउल लाइनपर्यंत जायचं, थेट कुंपणाला लागून. डाव बदलताना वेळ असतोच. तिथून राइट फील्डर तीस-पस्तीस मीटरवर येतो. डी७५०० चा सेन्सर छोटा, २०० मिमीवर त्या अंतराला फ्रेमची उंची अडीच मीटरच्या आसपास भरते. अख्खा माणूस, वर थोडं आभाळ. ५०० मिमीची गरज कुठे आहे?

होम प्लेटमागे बसून राइट फील्डरचा फोटो काढायचा म्हटलं तर ऐंशी मीटर. मग २०० मिमीची लेन्स कोणालाच पुरत नाही.

टेक्सासकर
नेमकं! पाय हीच स्वस्तातली झूम लेन्स. (वाक्य जुनंय, पण बेसबॉलला फिट बसतं.)

धंदेवाईक
मी वीकेंडच्या स्पर्धांत पैसे घेऊन फोटो काढतो, त्यामुळे इथे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

७०-२०० एफ/२.८ घ्या, विषय संपला. कारण पल्ला नव्हे, प्रकाश. हायस्कूलचे सामने बहुधा शाळा सुटल्यावर चारच्या सुमाराला सुरू होतात आणि मार्च-एप्रिलमध्ये सहाव्या-सातव्या इनिंगला ऊन उतरलेलं असतं. (हायस्कूलला सातच इनिंग असतात, नऊ नाही.) एफ/२.८ वर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ने काम होतं तिथे एफ/५.६ वर १२८०० लागतो. हल्ली एआयने नॉइज (चित्रावरचे दाणे) काढता येतो हे खरं, पण चेहऱ्याचं मेण होतं.

दिव्यांखालचे सामने वेगळाच ताप. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून जुने मेटल हॅलाइड दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात. लागोपाठ चार फोटो काढा, एक उजळ, एक पिवळट, एक काळोखा. कॅमेऱ्यात फ्लिकर (हे लुकलुकणं) कमी करायची सोय असेल तर चालू करा, बर्स्ट जरा मंदावतो पण रंग सारखे येतात.

मिररलेसवाल्यांना इशारा: आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावाल तर स्वस्त सेन्सरवर बॅट केळ्यासारखी वाकलेली येते. बेसबॉलला मेकॅनिकल शटरच.

चेहऱ्यावर टोपीची सावली आणि अंगात पांढरी पँट, यात कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा पडतो. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ आणि दोन-तृतीयांश स्टॉप जास्त. पँट थोडी जळाली तरी चालेल, आईला पोराचे डोळे दिसायला हवेत.

आता शिव्यांचा मुद्दा. मोरपीस यांचं फुकट वाटप ऐकून बरं वाटलं, पण प्रत्येक संघात एक असे काका-काकू आले की आमचे फोटो विकत कोण घेणार?

मोरपीस
@धंदेवाईक, ज्या घरांना मी पाठवते ती घरं तुमचा तीस डॉलरचा फोटो तसाही घेणार नव्हती.

धंदेवाईक
मान्य. पण ज्यांना परवडतं तेही तुमच्याकडूनच घेतात, त्याचं काय?

शेंगदाणा
(पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

वाटसरू_ओहायो
दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांचंही भांडण इथे सुटणार नाही. शाळेच्या नियमित सामन्यांना पैसेवाला फोटोग्राफर कोणी बोलवत नाही, तिथे पालकच. मोठ्या स्पर्धांत आयोजकांनी कंत्राट दिलेलं असतं, तिथे मोठी लेन्स घेऊन जाण्याआधी नियम वाचावेत. काही ठिकाणी लेन्सच्या लांबीवरही बंदी असते.

थंडीचं कोणी बोललं नाही म्हणून सांगतो: आमच्याकडे एप्रिलात बर्फ पडतो. बॅटरी खिशात, अंगाजवळ ठेवा. आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे.

बाकरवडी
अवांतर आहे, पण राहवत नाही. भारतीय वंशाची पोरं या खेळात आहेत हे सांगितलं की इथले देशी आईबाप अजून हसतात. फ्लोरिडातल्या स्ट्रॉबेरी क्रेस्ट हायस्कूलचा अर्जुन निम्मला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्याच फेरीत, विसाव्या क्रमांकावर टोरंटो ब्लू जेज संघाने घेतला. पिचर कुमार रॉकरची आई भारतीय वंशाची. तो जॉर्जियातल्या हायस्कूलमधून व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि २०१९ मध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्ध १९ स्ट्राइकआउटसह (तीन स्ट्राइकवर बाद) नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिली नाही. या पोरांच्या शाळेच्या सामन्यांनाही जाळीबाहेर कोणीतरी हौशी उभं असेलच. तेव्हा काढलेल्या फोटोंना आज किती भाव असेल!

तिरपागडा
म्हणजे धंदेवाईकरावांचं म्हणणं खरं, फुकट वाटू नका. :-D

नो-हिटरवरून आठवलं. पिचर हिट न देता पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत पोचला की त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही अशी रीत आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी भर स्टँडमध्ये मोठ्याने "अय्या, अजून एकही हिट नाही!" म्हटलं. पुढच्याच चेंडूवर डबल (दोन बेसची हिट). काकू त्यानंतर दुसऱ्या टोकाला बसतात.

ओसाकाकर
धागा अमेरिकेचा आहे, पण हायस्कूल बेसबॉल म्हटल्यावर जपानमधून हात वर केल्याशिवाय राहवत नाही. पुण्यात जपानी शिकून इकडे आलो आणि पहिल्या ऑगस्टमध्येच ऑफिसातल्या लोकांनी कोशिएनला, म्हणजे इथल्या राष्ट्रीय हायस्कूल स्पर्धेला नेलं. निशिनोमियातलं ते स्टेडियम १९२४ चं, स्पर्धा त्याहून जुनी, १९१५ पासूनची. एनएचके ही इथली सार्वजनिक वाहिनी सगळे सामने दाखवते. सुरुवातीला आणि शेवटी भोंगा वाजतो. हरलेली पोरं मैदानातली माती छोट्या पिशवीत भरून घरी नेतात आणि समोर फोटोग्राफरांची रांग आडवी पडून त्यांच्या रडक्या चेहऱ्यांचे फोटो काढते. मला ते फार अवघड वाटतं. सतरा वर्षांचं पोरगं रडतंय आणि आपण फोकस तपासतोय.

फोटोच्या दृष्टीने: स्टँडमधून काढायचं तर खेळाडूंपेक्षा आल्प्स स्टँडमधली (शाळांचे समर्थक बसतात तो भाग) शाळेची पोरं, बँड आणि ढोल जास्त चांगले मिळतात. आणि मुख्य स्पर्धेपेक्षा जिल्ह्याच्या पातळीवरच्या फेऱ्या बघा. छोटी मैदानं, कमी गर्दी, जाळीला टेकून उभं राहता येतं. उन्हाळ्यातली उष्णता मात्र भयानक. २०२४ पासून सुरुवातीच्या काही दिवसांचे सामने सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन भागांत विभागलेत.

मोरपीस
ओसाकाकर, रडणाऱ्या पोराचा मुद्दा महत्त्वाचा. माझा नियम: स्ट्राइकआउट झालेल्या, चूक केलेल्या, रडणाऱ्या मुलाचा फोटो काढला तरी अल्बममध्ये टाकायचा नाही. विशेषतः समोरच्या संघाचा.

तिरपागडा
इथे मी असहमत. सार्वजनिक सामना आहे, फोटो काढणं कायदेशीर आहे. हरणं हाही खेळाचाच भाग. पोरं मोठी झाल्यावर त्यांनाच ते फोटो हवे असतील.

मोरपीस
कायदेशीर असेल. शाळेच्या आवारात शाळेचे नियम लागतात हा एक भाग. दुसरा असा की ती मुलं अठराच्या आतली आहेत. नाव, जर्सीचा नंबर आणि शाळा असं एकत्र लिहून उघड्या पानावर टाकायचं नाही. मी पासवर्डचा अल्बम करते, दुवा फक्त संघाच्या पालकांना. आणि कोणी काढून टाक म्हणालं तर कारण न विचारता काढते. मोठं झाल्यावर फोटो हवाय की नको हे त्या पोराने ठरवावं, तुम्ही-मी नाही.

तिरपागडा
पासवर्डवाला अल्बम मान्य. रडका फोटो मी त्या पोराच्या आईला स्वतंत्र पाठवीन. ती ठरवेल.

मोरपीस
हे चालेल.

जर्सीची_जाई
एक प्रश्न. कॅमेरा डोळ्याला असताना तुम्ही सामना बघता का? माझ्या नवऱ्याला संपूर्ण सामन्यात स्कोअर किती झाला हे कधी माहीत नसतं. फोटो मात्र आठशे!

हौशी_फोटोकार
पहिल्या तीन इनिंग फोटो, मग कॅमेरा पिशवीत. नंतर प्रकाशही जातोच.

टेक्सासकर
मला उलटं. पोरगा पिचिंगला आला की माझं पोट ढवळतं. कॅमेरा हातात नसेल तर मी स्टँडमध्ये बसूच शकत नाही. त्या वेळचे निम्मे फोटो हललेले असतात, पण मी हललेला दिसत नाही. आठशे फोटोंबद्दल: त्याच रात्री बसून साठ-सत्तर ठेवायचे, बाकी डिलीट. राहू दिले की कायमचे राहतात.

वाटसरू_ओहायो
सीनियर नाइट विसरू नका. शेवटच्या वर्षाच्या पोरांना आईवडिलांसोबत मैदानात नावं पुकारून बोलावतात. त्या दिवशी आधी जाऊन कोचला विचारून जागा ठरवा आणि दुसऱ्या कोणाच्या हातात कॅमेरा द्या, कारण तुमच्या पोराच्या वेळी तुम्ही स्वतः फोटोत असायला हवं.

उनाड_पाऊस
मंडळी, खबरबात. जुनी ७०-२०० एफ/२.८ घेतली, दुकानातून तपासून, फोकसच्या मर्यादेची कळ असलेली. काल सामना झाला. जाळी गायब! फील्डिंगला राइट फील्डच्या कुंपणाशी गेलो. एक उंच चेंडू त्याच्याकडे आला, तो मागे मागे सरकत गेला आणि पकडला. चार फ्रेम चांगल्या मिळाल्या. त्यातल्या दोनांत मागे उभं असलेलं पोर्टेबल टॉयलेट पोराच्या डोक्यातून उगवलंय. त्याच्यावर इलाज?

हौशी_फोटोकार
गुडघ्यावर बसा. कॅमेरा खाली आला की मागची जमीन-बिमीन जाऊन आभाळ येतं. किंवा चार पावलं डावीकडे. सामन्याआधी एक चक्कर मारून मागे काय काय येतंय हे बघून ठेवायचं: पार्क केलेल्या गाड्या, पिवळी बस, आणि हे.

धंदेवाईक
लेन्स योग्य घेतलीत. कॅच घेताना चेंडू ग्लव्हमध्ये शिरायच्या आधीचा फोटो ठेवा, नंतरचा नाही. चेंडू फ्रेममध्ये दिसला पाहिजे, नाहीतर नाचतोय असं वाटतं.

खानदेशी_कैरी
उशिरा आले. हे सगळं सॉफ्टबॉललाही लागू का? शाळेत असताना आम्ही जळगावात खेळायचो, तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं. आता भाची इथे खेळते.

हौशी_फोटोकार
लागू, आणि सोपं. सॉफ्टबॉलला बेस ६० फुटांवर (बेसबॉलला ९०), पिचर ४३ फुटांवर, चेंडू मोठा. मैदान छोटं असल्यामुळे ७०-२०० ने जवळपास सगळं भागतं. फक्त पिचर हात खालून फिरवते, त्यामुळे चेंडू सुटायचा क्षण मांडीजवळ असतो. बेसबॉलसारखं खांद्यावर लक्ष ठेवलंत तर चुकेल. आणि पिचरचे केस उडतात ते फार छान येतात, १/१६०० च्या वर ठेवा.

खानदेशी_कैरी
मस्त, शनिवारी प्रयत्न करते. भाची पिचरच आहे.